चुकीचा माग

संगणकाच्या आज्ञावली लिहिण्याचा व्यवसाय पत्करून आम्हांस बरींच वर्षें झालीं. या व्यवसायांतील मनुष्य दिवसभर कांहींतरी नवें रचीत असतो, अशी समजूत सुशिक्षित वर्गांतही आढळते. वस्तुस्थिति निराळी आहे. आमचा बहुतेक वेळ दुसऱ्यानें लिहिलेलें वाचण्यांत व तें कोठें चुकलें हें हुडकण्यांत जातो.

अशा चुकीस इंग्रजींत 'बग', म्हणजे कीटक, म्हणतात. हार्वर्ड विद्यापीठांत 'मार्क-२' या यंत्रांत ता. ९ सप्टेंबर १९४७ रोजीं खरोखरीचाच एक पतंग अडकलेला सांपडला, व तो नोंदवहींत चिकटवून ठेवण्यांत आला. शब्द मात्र त्याहून जुना. एडिसननें तो १८७८ च्या एका पत्रांत वापरलेला आहे. आतांचे कीटक असे चिमट्यानें उचलतां येत नाहींत. म्हणून आमचा पहिला नियम हा कीं, चूक पुन्हां हुकमी घडवून आणतां येईपर्यंत दुरुस्तीस हात लावूं नये. 'मधून मधून हिशेब चुकतो' ही तक्रार वैद्यास नुसतें 'बरें वाटत नाहीं' असें सांगण्यासारखी आहे. कोणत्या खात्यावर, कोणत्या तारखेस, कोणता आकडा घातल्यावर चुकतो, हें कळलें म्हणजे निम्मा रोग हटला.

चालणारें जुनें काम जसेंच्या तसें उचलण्याचा मोह मोठा असतो. ता. ४ जून १९९६ रोजीं युरोपचा 'एरियान-५' हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणांत सुमारें ४० सेकंदांत नष्ट झाला. त्याच्या दिग्दर्शनाची आज्ञावली आधींच्या 'एरियान-४' वरून घेतलेली होती. नवा बाण अधिक वेगानें झेपावला. आडव्या वेगाशीं निगडित असा एक आकडा सोळा बिटांच्या खणांत, म्हणजे ३२,७६७ च्या मर्यादेंत, मावेना. मुख्य व राखीव अशीं दोन यंत्रें होतीं, पण दोन्ही तीच आज्ञावली चालवीत असल्यामुळें एकाच कारणानें बंद पडलीं. चटका लावणारी गोष्ट ही कीं, आकडेमोडीचा तो भाग बाणानें जमीन सोडल्यावर निरुपयोगीच होता! तो आकडा सुरक्षित कां मानला, याचें कारण मूळ आज्ञावलींत नोंदलेलें चौकशी-मंडळास आढळलें नाहीं.

कारण लिहून ठेवण्याचा आळस आमच्या धंद्यांत फार. 'येथें एक मिळवला' अशी टीप लिहिणारे पुष्कळ. तें तर दिसतेंच. कां मिळवला, तें हवें.

एका पतपेढीच्या हिशेबाचें काम आमच्याकडे आलें होतें. त्यांत सर्व रकमा रुपयांत न ठेवतां पैशांत, पूर्णांकांनीं ठेवलेल्या. आमच्या एका तरुण सहकाऱ्यास तें खटकलें. रुपये व दशांश ठेवावे, म्हणजे वाचावयास सोपें, असें तो म्हणूं लागला. आम्ही त्यास कांहीं सांगणार, तोंच वरच्या ओळींत एक टीप दिसली: दहावा अंश द्विमान पद्धतींत पुरता उतरत नाहीं, म्हणून पैसे. खरेंच, संगणकाच्या नेहमींच्या अपूर्णांकांत ०.१ आणि ०.२ मिळवले तर नेमके ०.३ येत नाहींत. सतराव्या स्थळीं एक ४ उरतो. एका ठेवीवर तो कोणास दिसावयाचा नाहीं. हजारों खात्यांवर रोजचें व्याज आकारूं लागलें म्हणजे मात्र महिनाअखेर ताळा जुळेनासा होतो, आणि कोणातरी कारकुनास रात्रीं दहापर्यंत खिडकीमागें बसावें लागतें. टीप लिहिणारानें आपलें नांव घातलेलें नव्हतें. सहकाऱ्यानें ती दोनदां वाचली, आणि पैशांचे पैसेच राहूं दिले.