मीठ कुठे जातं?

वाशिम,
होळीच्या आधीचा रविवार

चि. ताईस,


स्विमिंग पुलासाठी तू पाठवलेलं सॉल्ट क्लोरिनेटरचं कोटेशन नीट वाचलं. वरच ठळक अक्षरांत 'क्लोरीनमुक्त, केमिकल-फ्री पाणी' असं छापलंय. तेवढी ओळ खोड, बाकी कागद बरा आहे. सॉल्ट क्लोरिनेटर हे क्लोरीन तयार करायचंच यंत्र आहे. जन्मभर पोरांना रसायनशास्त्र शिकवलेल्या मामाच्या भाचीला कुणी क्लोरीनमुक्त क्लोरिनेटर विकावा, हे काही मला पचलं नाही.

होतं ते एवढंच. पाण्यात थोडं मीठ विरघळवायचं आणि ते पाणी टायटॅनियमच्या पट्ट्यांच्या सेलमधून न्यायचं. पट्ट्यांना डीसी करंट दिला की एकीवर क्लोरीन सुटतो, दुसरीवर हायड्रोजन. क्लोरीन तिथल्या तिथे पाण्यात विरघळतो आणि जंतू मारणारं हायपोक्लोराइट बनतं. आपल्या गावचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकतो, तोही याच कामासाठी. बादलीत पावडर घ्यायची, पाणी घालून काडीनं ढवळायचं, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं नितळ पाणी तेवढं टाकीत सोडायचं. मग नळाच्या पाण्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडीनचे) थेंब टाकून पिवळा रंग आला की झालं. तुझं यंत्र हेच काम चुन्याशिवाय आणि बादलीशिवाय करेल, आणि मोटर सुरू असेल तोवर थोडं थोडं करत राहील. पोहून आल्यावर पोरांचे डोळे चुरचुरतात म्हणालीस, त्याचंही कारण बहुतेक वेळा क्लोरीन जास्त हे नसतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरीनचा संयोग होऊन क्लोरामाइन बनतात, तो उग्र वास आणि ती चुरचूर त्यांची. पाण्यात उतरण्याआधी अंघोळ ही सक्ती कर, पाहुण्यांनाही.

आता हिशेब. तुझा पूल आठ बाय चार मीटर, सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे ४५ हजार लिटरच्या आसपास. लिटरला साडेतीन ग्रॅम मीठ लागतं, म्हणजे दीडशे किलोच्या वर; पन्नास किलोची तीन पोती धर. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम असतं, त्याच्या दहावा हिस्सा. जिभेला जेमतेम कळेल. किराणा दुकानातलं आयोडीनचं, मोकळं राहणारं मीठ घेऊ नकोस. त्यात गठ्ठे होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ असतात. शुद्ध, बिनआयोडीनचं औद्योगिक मीठ माग. प्लास्टर नवं आहे, त्यामुळे महिनाभर मीठ टाकायचंच नाही, सिमेंटला मुरू दे. नंतर टाकताना उथळ बाजूनं पसरत टाकायचं, ब्रशनं हलवायचं, दिवसभर मोटर चालवायची आणि सगळं विरघळेपर्यंत क्लोरिनेटर बंद.

यंत्राचा साइज ठरवताना आपलं ऊन विसरू नकोस. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या पाण्यातला क्लोरीन दोन-तीन तासांत बहुतेक उडून जातो. त्याला सावरायला सायन्युरिक आम्ल लागतं, दहा लाख भागांत पन्नास भाग. तुझ्या पुलाला सव्वादोन किलो पुरेल. एवढं करूनही उन्हाळ्यात दिवसाला सव्वाशे-दीडशे ग्रॅम क्लोरीन लागेल असं धर. तासाला वीस ग्रॅम देणारा सेल आठ तास चालला की भागतं. कोटेशनमधला दहा ग्रॅमचा सेल स्वस्त आहे खरा, पण तो दिवसरात्र घासत राहील आणि लवकर जाईल. या पट्ट्यांवर रुथेनियम आणि इरिडियमच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. हेन्री बीअर नावाच्या माणसाने हा लेप १९६० च्या दशकात काढला आणि तेव्हापासून मिठाच्या पाण्यातून क्लोरीन काढणं सोपं झालं. सेलची सगळी किंमत त्या लेपात आहे. तो झिजला की नवा सेल. नीट वापरला तर चार-पाच वर्षं जातात.

बसवताना क्रम चुकू देऊ नकोस: मोटर, मग फिल्टर, सोलर लावणार असाल तर तो, आणि सगळ्यात शेवटी सेल, तिथून पाणी थेट पुलात. सेल आधी घेतला तर क्लोरीनचं कडक पाणी सोलरच्या नळ्या खाईल. सेलच्या दोन्ही बाजूंना युनियन हवेत, कारण तो धुवायला काढावा लागतो. मिस्त्री सोल्युशन लावून पाइप कायमचे चिकटवून मोकळा होतो. सगळ्यात महत्त्वाचा फ्लो स्विच. मोटर बंद पडली आणि सेल चालूच राहिला तर हायड्रोजन पाइपात साठतो, आणि असे सेल फुटलेले आहेत. म्हणून क्लोरिनेटरला वीज मोटरच्या स्टार्टरमधूनच जायला हवी आणि वर फ्लो स्विचही हवा. दोनपैकी एकावर भागवू नका. अर्थिंग आणि आरसीसीबी याबद्दल जावईबापूंना सांगायला नको. शिडी मात्र ३१६ ग्रेडच्या स्टीलची घ्या. ३०४ ला खारट पाण्यात तांबूस ठिपके येतात. आणि हे सगळं शेतीपंपाच्या मीटरवर जोडू नका. ते नियमात बसत नाही आणि शेतीच्या लाइटचं वेळापत्रकही पुलाच्या कामाचं नाही.

इथवर कुणीही सांगेल. आता आपल्या भागाचं.

आपलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून येतं आणि चांगलंच जड असतं. तुझ्या आईच्या गिझरची कॉइल आठव. सेलमध्ये हायड्रोजन सुटतो त्या पट्टीजवळ पाणी फार अल्कली होतं आणि जड पाण्यातलं कॅल्शियम तिथेच कार्बोनेट होऊन बसतं. थोड्याच आठवड्यांत पट्ट्यांच्या फटीत पांढरी, खरबरीत पुटं दिसायला लागतात, करंट कमी होतो आणि यंत्र 'लो सॉल्ट' दाखवतं. मग घरचे आणखी मीठ ओततात. मीठ कमी नसतं, पट्टी झाकलेली असते. आधी सेल उघडून बघायचा. आलटूनपालटून ध्रुव बदलणारं मॉडेल घेतलंस तर पुटं आपोआप बरीच सुटतात. उरलेल्यांसाठी दहा भाग पाण्यात एक भाग अ‍ॅसिड ओतायचं, पाण्यात अ‍ॅसिड, उलट नाही, आणि सेल त्यात थोडा वेळ बुडवायचा. स्क्रू-ड्रायव्हर किंवा तारेचा ब्रश घेऊन कुणी खरवडायला बसला तर हातातून काढून घे. पाण्याचा पीएच या यंत्राने चढतच राहतो, तो अ‍ॅसिडने ७.२ ते ७.६ मध्ये ठेवलास तर पुटंही कमी धरतात. म्हणजे केमिकल-फ्री पुलाला अ‍ॅसिडचा कॅन लागतोच.

उन्हाळ्यात रोज आठ-दहा मिलिमीटर पाणी उडतं, तुझ्या पुलातून दिवसाला अडीच-तीनशे लिटर. उडतं ते निव्वळ पाणी. मीठ आणि कॅल्शियम मागे राहतं. त्यावर परत बोअरचं पाणी घातलंस की कॅल्शियमची आणखी भर. लोणारला काय झालं ते ठाऊक आहे ना? २०२० च्या जूनमध्ये सरोवर गुलाबी झालं आणि लोक चमत्कार म्हणून फोटो काढायला धावले. पाणी आटून खारटपणा वाढला, खाऱ्या पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव फोफावले आणि त्यांच्या रंगद्रव्याने पाणी रंगलं, असं पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या तपासणीत निघालं. तुझा पूल गुलाबी होणार नाही, पण आटण्याचं गणित तेच. छतावरचं पावसाचं पाणी एका टाकीत धरून ठेव. ते मऊ असतं, भर घालायला त्याच्यासारखं दुसरं नाही.

आणि आता खरी गोष्ट, जिच्यासाठी फोन न करता हे पत्र लिहायला बसलो. विक्रेता म्हणाला, मीठ एकदाच टाकायचं, ते संपत नाही. त्याचं हे म्हणणं अर्धंच बरोबर आहे. क्लोरीनचं काम झालं की तो परत क्लोराइड होतो, म्हणजे पुन्हा मीठच. ते जळत नाही, उडत नाही. मग कमी होतं ते कुठून? अंगाबरोबर जातं, पावसात पूल भरून वाहतो तेव्हा जातं, आणि बॅकवॉशमधून जातं. तुझ्या नकाशात बॅकवॉशचा पाइप सरळ संत्र्याच्या बागेकडे काढलाय. पाणी वाया जाऊ नये म्हणून काढला असणार, आपल्याकडच्या माणसाला तेच सुचणार. पण एका बॅकवॉशला पाचशे लिटर पाणी गेलं तर पावणेदोन किलो मीठ गेलं; आठवड्याला एकदा धरलं तरी वर्षाकाठी नव्वद किलोच्या घरात. आणि संत्र्याला मीठ अजिबात सोसत नाही. आधी पानांच्या कडा करपतात, मग पानं गळतात, आणि तोवर शेजारीपाजारी डिंक्या झाला, फवारा मारा म्हणून सांगत राहतात.

झाडं तर झाडं, जमिनीचं काय? काळ्या मातीत सोडियम शिरला की ती ओली असताना चिकट लगदा होते आणि वाळली की दगड. पाणी खाली मुरत नाही. आपण वरच्या पठारावर म्हणून आपल्याला हे पाहावं लागलं नाही. खाली पूर्णेच्या काठी अकोला, अमरावती, बुलडाण्यात खारपाण पट्टा आहे. तिथे विहिरीत पाणी असून प्यायचं पाणी लांबून नळाने आणावं लागलं, चौसष्ट खेडी, चौऱ्याऐंशी खेडी अशा योजना त्याच्यासाठीच झाल्या. त्यांचं खारेपण निसर्गाने दिलेलं आहे, त्याला कुणाचा इलाज नव्हता. आपण पोतं विकत आणून आपल्या मातीत ओतायचं, हे मला बघवणार नाही. शेताच्या नाल्यातही सोडू नकोस. तो काटेपूर्णेला मिळतो, काटेपूर्णा महानच्या धरणात जाते आणि अकोलेकर तेच पाणी पितात. तुझ्या दीडशे किलोंनी धरण खारं होणार नाही, ठाऊक आहे मला. तरी सोडू नकोस.

करायचं काय, तर सँड फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर घे. त्याला बॅकवॉश नसतो, कार्ट्रिज काढून थोड्या पाण्यात धुवायची. थोडं महाग पडेल. ते धुतलेलं आणि पावसाळ्याआधी उपसावं लागेल ते पाणी जाण्यासाठी कुंपणाच्या कोपऱ्यात एक उथळ खड्डा घे आणि शेततळ्याला टाकतात ती जाड पन्नी त्यात अंथर. उन्हाळ्यात पाणी आटून तळाला पांढरा थर उरेल. तो खरवडून पोत्यात भर, पुन्हा पुलातच टाकता येईल की नाही ते मळ बघून ठरवू. मात्र पावसाळ्यात खड्डा वाहू नये म्हणून वर पत्रा हवा.

तुझ्या सासऱ्यांचे गुडघे पाण्यात चालल्याने मोकळे होत असतील तर पूल चांगलाच आहे. गावात टँकर येत असताना स्विमिंग पूल, असं बोलणारे बोलतील, आणि मीही मनात बोललो होतो. एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं न बदलता टिकवलं तर निदान त्यांना उत्तर देता येईल. त्या कामाला हे यंत्र खरोखर उपयोगी आहे.

ऑर्डर मात्र लगेच देऊ नकोस. बोअरचं पाणी स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून वाशिमला पाठव, मी भूजल सर्वेक्षणाच्या प्रयोगशाळेत देतो. हार्डनेस, अल्कलिनिटी, क्लोराइड आणि टीडीएस एवढं तपासायला सांगेन. मोटर आधी दहा मिनिटं चालू दे, मगच बाटली भर. रिपोर्ट हातात आला की सेलचा साइज आणि मिठाची पोती ठरवू.

जावईबापूंना आणि तुझ्या सासू-सासऱ्यांना नमस्कार. मुलांना पापे.

तुझा,
मामा