दुसऱ्याच्या घरात आपली भाषा

कॅसल हिलच्या आमच्या घरात दोन भाषा नांदतात, तशाच माझ्या कामाच्या संगणकातही. घरातल्या दोन तुम्हाला ठाऊकच आहेत. संगणकातल्या दोन म्हणजे जावा आणि क्लोजर. मंडळातले बरेचजण आयटीतले, त्यामुळे जावा ओळखीची. क्लोजरची गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे.

तिचं मूळ घराणं लिस्पचं. १९५८ साली जॉन मॅकार्थी यांनी अमेरिकेत एमआयटीमध्ये ही भाषा घडवायला घेतली. रूप जगावेगळं, जिकडेतिकडे कंस. दोन, तीन, चारची बेरीज लिहायची (+ २ ३ ४) अशी. मराठीत क्रियापद शेवटी येतं, इथे सगळ्यांत आधी! १९८०च्या दशकात लिस्पसाठी खास यंत्रंसुद्धा बांधली गेली. पण दशक संपता संपता त्यांचा बाजार बसला. विद्वान घराणं, पण स्वतःचं घर काही टिकलं नाही.

१९९५ साली जावा आली. जावाचा प्रोग्राम आधी 'बाइटकोड' नावाच्या मधल्या भाषेत उतरतो आणि 'व्हर्च्युअल मशीन' तो चालवतं. गंमत अशी, की हा बाइटकोड मुळात कोणत्या भाषेतून आला, याच्याशी त्या मशीनला काही देणंघेणं नसतं. मग काय, भाडेकरू येऊ लागले! १९९७ साली पायथन जेपायथन या रूपात आली (पुढे त्या रूपाचं नाव जायथन झालं), मग रुबीचा जेरुबी अवतार, ग्रूव्ही. आणि २००७ साली रिच हिकी यांची क्लोजर, म्हणजे लिस्पचीच नात. २०११ साली जावाच्या सातव्या आवृत्तीत तर यजमानाने अशा पाहुण्यांच्या सोयीसाठी बाइटकोडमध्ये एक नवी आज्ञाच घातली.

क्लोजरने जावाची सगळी भांडीकुंडी, म्हणजे तयार लायब्ऱ्या, बिनदिक्कत वापरल्या. व्याकरण मात्र लिस्पचंच ठेवलं. म्हणूनच पुण्याच्या हेल्पशिफ्टसारख्या कंपनीला आपल्या सॉफ्टवेअरचा मोठा भाग तिच्यात लिहिता आला.

अर्थात परक्या घरात राहायचं तर काही सोडावं लागतं. लिस्प घराण्यातल्या स्कीममध्ये एखादं काम स्वतःलाच शेवटी पुन्हा पुन्हा हाक मारत कितीही वेळ चालू शकतं. जावाच्या मशीनला ते झेपत नाही, म्हणून क्लोजरमध्ये त्यासाठी 'रिकर' हा वेगळा शब्द वापरावा लागतो. आणि प्रोग्राम अडखळला, की तक्रारींची लांबलचक यादी येते ती बरीचशी जावाच्या बोलीत!

हे वाचून आपल्या मुलांची आठवण झाली ना? माझा मुलगा जेवताना मराठी बोलतो, पण भांडण झालं की इंग्रजी. त्याची मराठी टिकेल का, ही काळजी तुमच्यासारखीच मलाही आहे. मात्र क्लोजरकडे पाहून एक उमगलं. शब्द उसने घेतल्याने भाषा मरत नाही, वाक्याची घडण गेली की मरते.

त्यामुळे तो 'गाडी पार्क केली' म्हणतो, तेव्हा 'पार्क'ला मी हरकत घेत नाही. 'गाडी पार्क केला' म्हटलं, की मात्र हातातला घास ठेवून थांबवतो. दहादा सांगावं लागलं तरी चालेल.