तुटक रेषेचा रस्ता

आयुष्यातली तेहतीस वर्षं मी तलाठी होतो. त्यामुळे मोकळी जमीन दिसली की इतरांना जशी कविता सुचते, तसा मला गट नंबर सुचतो. अमेरिकेत मुलाकडे गेलो तरी खोड गेली नाही. युटा राज्यातल्या मोआब गावाबाहेरचा तो तांबड्या खडकांचा अफाट मुलूख पाहून आमची ही "अगंबाई!" म्हणाली आणि मी विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर?"

"सरकारच्या, बाबा. म्हणजे सगळ्यांच्याच."

"म्हणजे गायरान!"

मुलगा हसला, पण मी फारसा चुकलो नव्हतो. तिथं 'ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट' नावाचं खातं आहे. चराईचं खातं आणि सरकारी जमिनीचं जुनं दप्तर एकत्र करून ते १९४६ साली काढलं. त्याच्याकडे सुमारे २४.५ कोटी एकर जमीन आहे. त्यात तीन महाराष्ट्र बसवून वर थोडी जागा उरेल. तिथं आजही परवान्यावर गुरं चरतात. एवढ्या जमिनीचा पीकपाहणीचा दौरा कोण करत असेल, या विचारानेच माझे गुडघे दुखू लागले.

मुलाला त्या गायरानात जीप घालायची होती. जीप म्हटलं की मला साहेबांची तपासणी आठवते, त्यामुळे पोटात गोळा आलाच. त्यातून त्यानं चाकांतली हवा मुद्दाम काढायला सुरुवात केली. "खडकावर पकड चांगली बसते," म्हणाला. आम्ही जन्मभर सायकलीत हवा भरत आलो आणि हा भाड्याच्या गाडीतली सोडतोय! वर मला नियम सांगितला: आखलेला रस्ता सोडून चाक खाली घालायचं नाही. तिथल्या मातीवर काळपट खरखरीत पापुद्रा असतो. तो जिवंत असतो. एकदा चिरडला की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. म्हणजे ज्याला 'ऑफ-रोड' म्हणतात, त्याचा पहिला नियम रस्ता न सोडणं हा! असे नियम करणारं खातं माझ्या ओळखीचं वाटलं.

आम्ही शेफर ट्रेलनं उतरलो. हा मूळचा गुरांचा रस्ता. पुढं १९५०च्या दशकात युरेनियमच्या गाड्यांसाठी तो रुंद केला. रुंद म्हणजे किती? एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला हजारभर फूट हवा. आमच्या हिनं डोळे मिटून रामरक्षा सुरू केली ती खाली पोटॅशची निळीशार मिठागरं दिसेपर्यंत. मी मात्र नकाशात डोकं घातलं होतं. भीती वाटली की कागद वाचावा, हे नोकरीत शिकलो.

नकाशावर आमचा रस्ता तुटक रेषांचा होता. आपल्या गावनकाशातही गाडीरस्ता दोन तुटक रेषांनी दाखवतात. आमच्या शेताकडे जाणारी पाणंद तशीच आहे. म्हणजे कागदावर आहे. जमिनीवर ती चुलतभावानं नांगरून टाकली. वडिलांची बैलगाडी बांधाशी थांबली ती थांबलीच. शेवटची काही वर्षं ते डोक्यावर पेंढ्या वाहत राहिले. मी लोकांच्या पाणंदींचे शंभर पंचनामे केले. आपला एक केला नाही. घरचं भांडण कचेरीत कसं न्यायचं? वडीलही कधी बोलले नाहीत.

हे मुलाला त्या घाटात प्रथमच सांगितलं. तो समोर बघत म्हणाला, "म्हणजे आजोबा चालत जायचे ते त्यामुळे? मला वाटायचं, त्यांना चालायची हौस होती."

मी नकाशाची घडी घातली. ती काही केल्या नीट बसेना.

परत आल्यावर तहसीलदारांकडे अर्ज दिला. स्थळपाहणीची तारीख लागली आहे. चुलतभावानं निरोप पाठवला, "भाऊ, या वयात गाडी कुठली नेणार तिथं?"

मी कळवलं, "पोरगा दिवाळीत येतोय. चाकांतली हवा थोडी काढली, की जाते."