इंजिनाच्या फोटोला मत देण्याआधी...

आपल्या नागपुरात रेल्वेचे फोटो काढणारी पोरं काही कमी नाहीत. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन मोठे मार्ग इथे भेटतात, अजनीला इलेक्ट्रिक लोको शेड आहे, मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे. अलीकडे एका छोट्या इंजिन-फोटो स्पर्धेत मी तिघा परीक्षकांपैकी एक होतो. त्यावरून थोडं बोलायचं आहे.

नियम साधा होता. निम्मे गुण परीक्षकांचे, निम्मे ऑनलाइन मतांचे. मतदान आधी, परीक्षण नंतर. आमच्याकडे फोटो आले तेव्हा एक फोटो मतांमध्ये बराच पुढे होता. डब्ल्यूएपी-७ इंजिन समोरून येतंय, हेडलाइट पेटलेला, अंगावर येईल असा फोटो. पण नीट पाहिलं तर दोन्ही रूळ थेट फ्रेमच्या खालच्या कडेपर्यंत आलेले. म्हणजे फोटो काढणारा रुळांच्या मधोमध उभा!

आम्ही तिघांनी तो बाद केला. लगेच फोन आला, "सर, लोकायनं मतं देल्ली ना, मंग तुमी काहून काटता?"

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर इथे देतो.

ताशी १३० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे येते. मोबाइलच्या वाइड लेन्समधून ती आहे त्यापेक्षा लांब दिसते. इलेक्ट्रिक इंजिनाचा डिझेलसारखा धडधडाट नसतो. आणि लोको पायलटला रुळावर माणूस दिसला तरी गाडी काही जागच्या जागी थांबत नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रुळावर विनापरवाना जाणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण कायद्यापेक्षा मला दुसरीच धास्ती वाटते. या फोटोला बक्षीस मिळालं असतं, तर पुढच्या वर्षी दहा पोरं अजून दोन पावलं पुढे जाऊन उभी राहिली असती.

मत देणाऱ्यांना मी दोष देत नाही. माणूस मोबाइलवर दोन सेकंद फोटो पाहतो, आवडला की बोट दाबतो. शिवाय ज्याचे व्हॉट्सॲप ग्रुप जास्त, त्याची मतं जास्त, हे आपल्याला काही नवीन नाही. परीक्षकाला मात्र वेळ असतो. उजेड इंजिनाच्या तोंडावर आहे का, नंबर वाचता येतो का, पेंटोग्राफ कापला गेलाय का, ओव्हरहेड वायरचा खांब मधे आलाय का, आणि फोटो काढणारा नेमका कुठे उभा होता, हे तो बघू शकतो.

आम्ही पहिलं बक्षीस मोतीबागेतल्या नॅरोगेजच्या वाफेच्या इंजिनाच्या फोटोला दिलं. नुसती चाकं, त्यांना जोडणारा दांडा आणि त्यावर पावसाचे थेंब. मतं अगदी मोजकी होती. नागपूर-नागभीड नॅरोगेज २०१९ मध्ये बंद झाली. त्या गाडीतून प्रवास केलेल्यांना हा फोटो काय सांगतो ते मी वेगळं लिहायला नको.

मतदान बंद करा असं माझं म्हणणं नाही. लोकांची पसंती हवीच, त्याशिवाय स्पर्धेला रंगत नाही. फक्त क्रम बदला. आधी परीक्षकांची चाळणी, रुळावरून काढलेला फोटो तिथेच बाद, आणि उरलेल्यांवर मतदान. परीक्षकांना फोटो नावाशिवाय दाखवा. लोकपसंतीचं बक्षीस वेगळं ठेवा. फोटो कुठून काढला हे प्रवेशिकेत लिहून घ्या.

शहरात कुणी अशी स्पर्धा भरवत असेल तर त्यांच्यापर्यंत हे पोचवा. आणि तुमच्या घरात इंजिनांचं वेड असलेलं पोर असेल, तर त्याच्या पुढच्या फोटोला लाइक देण्याआधी एवढंच विचारा: बेटा, तू उभा कुठं होतास?