मले तं दिसून रायलं, तुले काऊन नाई?

वेबपेजवर फोटो उघडला नाही की त्याच्या जागी एक राखाडी चौकोन येतो. कोपऱ्यात फाटलेल्या कागदासारखं चिन्ह, फार तर शेजारी फोटोचं नाव. हा चौकोन आपण सगळ्यांनी पाहिलाय आणि त्यावर सगळ्यांचं निदानही एकच असतं: नेट स्लो आहे.

हे निदान बऱ्याचदा चुकीचं असतं. नेट स्लो असलं की फोटो वरून खाली पट्टीपट्टीने उतरतो, किंवा गोल चक्र फिरत राहतं. चौकोन सेकंदाच्या आत आला, तर नेटने आपलं काम चोख केलेलं असतं. तुमच्या फोनने फोटो मागितला, सर्व्हरपर्यंत निरोप पोचला आणि उत्तरही लगेच आलं. फक्त ते उत्तर 'नाही' असं होतं.

२०२४ च्या मे महिन्यात हा 'नाही' मी दोन दिवस उकलत बसलो होतो. आमच्या गावात, कौंडण्यपूरला.

ज्यांना गाव माहीत नाही त्यांच्यासाठी: अमरावती जिल्हा, तिवसा तालुका, वर्धा नदीचा काठ. नदी ओलांडली की वर्धा जिल्हा. हे रुक्मिणीचं माहेर. इथून दरवर्षी रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते आणि ही परंपरा १५९४ पासूनची असल्याचं गाव सांगतं. बाकी पालख्या विठ्ठलाला भेटायला जातात. आमची माणसं लेकीच्या सासरी जातात, हा फरक गावातलं लहान पोरगंही सांगेल.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, या पालखीसोबत बरीच वर्षं चालले. पहिला स्मार्टफोन हातात आल्यापासून ते वाटेत फोटो काढायचे. सुंदर वगैरे नाही. पिठलं ढवळणारा हात, चिखलात रुतलेली चप्पल, शाळेच्या व्हरांड्यात ओळीने झोपलेली माणसं, पायाचे फोड. संध्याकाळी कुठे नेट मिळालं की सगळे फोटो क्लाउड ड्राइव्हवर चढवायचे, कारण फोनमध्ये जागा नसायची.

२०२० ला करोनामुळे पायी वारी रद्द झाली. मानाच्या पालख्यांच्या पादुका मोजक्या लोकांसह गाडीने पंढरपूरला गेल्या. त्यात आमचीही होती. घरी बसलेल्या मोठ्या बाबांना काही सुचेना, तेव्हा माझ्या धाकट्या चुलतभावाने त्यांच्यासाठी एक साधं पेज बनवलं. वर्षांप्रमाणे, मुक्कामांप्रमाणे तीनशेच्या वर फोटो, प्रत्येकाखाली एकेक ओळ. त्या आषाढात गावातल्या लेकी-सुनांनी आणि एरवी चालणाऱ्या म्हाताऱ्यांनी मोबाइलवर बोट सरकवत वारी केली.

मोठे बाबा २०२२ ला गेले. पेज तसंच राहिलं. पालखीचे दिवस जवळ आले की कोणीतरी त्याची लिंक व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकायचं. २०२४ ला टाकली तेव्हा ओळी सगळ्या दिसत होत्या, फोटो एकही नाही. अमरावतीच्या आत्याला नाही, सुरतच्या ताईला नाही, पुण्यात मला नाही. ग्रुपवर नेहमीप्रमाणे टॉवरला, रिचार्जला आणि फोनच्या कंपनीला शिव्या घालून झाल्या. मग मोठ्या मायचा व्हॉइस मेसेज आला: "मले तं सगळे दिसून रायले. तुमाले काऊन नाई दिसत बाप्पा?"

ज्यांनी कधी वेबसाइट दुरुस्त केलीये, त्यांना या एका वाक्यात अर्धं उत्तर दिसेल. मोठी माय ते पेज मोठ्या बाबांच्या जुन्या अँड्रॉइड फोनवर बघत होती.

वेबपेजवर दिसणारा फोटो बहुतेक वेळा पेजमध्ये नसतो. पेजमध्ये असतो फक्त त्याचा पत्ता. तुमचा ब्राउझर पेज वाचतो, पत्ता सापडला की तिथे जाऊन फोटो मागतो आणि मागताना सोबत ओळखपत्रही नेतो, ज्याला कुकी म्हणतात. त्या फोनवर मोठ्या बाबांचं खातं लॉग इन होतं. सर्व्हरने ओळखपत्र पाहिलं, मालक आलाय म्हटलं आणि दार उघडलं. बाकी आम्ही परके.

मालकाला दिसतं हा पुरावाच नव्हे. उलट, फोटो जगाला दिसतोय का हे तपासायला सर्वांत निरुपयोगी माणूस म्हणजे मालक. हे ऑफिसात मी वर्षातून दहा वेळा ऐकतो, 'माझ्या मशीनवर तर चालतंय.' मोठ्या मायने तेच वऱ्हाडीत म्हटलं होतं.

गावी गेल्यावर खात्री करून घेतली. त्याच फोनवर इन्कॉग्निटो टॅब उघडून पेज लावलं. इन्कॉग्निटोत ब्राउझर जुनी ओळखपत्रं घरी ठेवून जातो. सगळे चौकोन राखाडी. मोठी माय दचकली. तिला वाटलं मी फोटो पुसले. नेहमीचा टॅब उघडून दाखवला तेव्हा तिचा श्वास खाली बसला.

मग माझा फोन केबलने लॅपटॉपला जोडला. अँड्रॉइडमध्ये यूएसबी डिबगिंग चालू केलं की मोबाइलवर उघडलेलं पेज लॅपटॉपच्या क्रोममधून आतून बघता येतं: कोणता फोटो मागितला, काय उत्तर आलं, किती वेळात आलं. जवळजवळ सगळ्या फोटोंचं उत्तर सारखंच होतं. फोटोच्या जागी सर्व्हरने एक एचटीएमएल पान पाठवलं होतं, लॉगिनचं पान. बिचाऱ्या इमेज टॅगला चित्र तेवढं दाखवता येतं, पान दाखवता येत नाही. म्हणून चौकोन. सर्व्हर प्रत्येक वेळी सभ्यपणे विचारत होता, 'आपण कोण?' आणि तो प्रश्न आम्हाला दिसतच नव्हता.

उरलेल्या दहा-बारा फोटोंचं दुखणं वेगळं होतं. ते भावाने आपल्या आयफोनवर काढलेले. आयफोन २०१७ पासून, आयओएस ११ आल्यापासून, फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात साठवतो. जागा कमी लागते, पण अँड्रॉइडवरच्या क्रोमला तो प्रकार उघडत नाही. १९९२ चं जेपेग अजून सगळीकडे चालतं. ते फोटो जेपेगमध्ये बदलले, पाच मिनिटांचं काम.

लॉगिनचं काम मात्र पाच मिनिटांचं नव्हतं. पत्ता थेट ब्राउझरमध्ये टाकला तर 'परवानगी मागा' असं बटण येत होतं. २०२० मध्ये याच लिंका कोणालाही उघडत होत्या. मग बदललं काय, आणि परवानगी मागितली तर ती जाते कुणाकडे?

मालकाकडे. मोठ्या बाबांकडे.

त्यांच्या फोनवर मेलचं ॲप होतं, ते कोणी उघडत नव्हतं. मोठ्या मायच्या परवानगीने उघडलं. जाहिरातींच्या ढिगात कंपनीचा एक मेल होता, न वाचलेला. सुरक्षेसाठी जुन्या शेअर केलेल्या लिंकांचे नियम बदलत आहोत, तुम्हाला त्या पूर्वीसारख्या चालू ठेवायच्या असतील तर अमुक तारखेपर्यंत कळवा. तारीख ते गेल्यानंतरची होती. नियम वाईट नव्हता. विसरलेल्या लिंकांमधून लोकांचे खाजगी कागद फुटतात, ते थांबवायलाच हवं. फक्त विचारलेल्या प्रश्नाला उत्तर द्यायला माणूस नव्हता, आणि उत्तर नाही याचा अर्थ यंत्राने 'बंद करा' असा घेतला.

त्या मेलच्या वर बाकीचे मेल होते. अमुक व्यक्ती तुमच्या फाइलसाठी परवानगी मागत आहे. आत्याचे तीन. सुरतच्या ताईचा एक. वारीत त्यांच्यासोबत चालणाऱ्या एका काकांचे तर सात, वेगवेगळ्या फोटोंसाठी, एकाच रात्री पाठोपाठ. त्यांना ठाऊक होतं की मोठे बाबा नाहीत. आपण कोणाला विचारतोय हे ते बटण सांगत नाही, म्हणून ते दाबत राहिले.

मी मोठ्या मायला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग देऊन टाक ना परवानगी. त्यायनं कोनाले नाई म्हटलं कधी?" मग तिनेच एकेक बटण दाबलं. मी फक्त कुठे दाबायचं ते दाखवलं.

हे आमच्यापुरतं नाही. २०१७ मध्ये फोटोबकेट या जुन्या साइटने नियम बदलून, दुसऱ्या वेबसाइटवर फोटो दाखवायचे असतील तर वर्षाला ३९९ डॉलर मागितले, आणि कित्येक वर्षांचे लेख एका रात्रीत चौकोनांनी भरले. सफारीने मार्च २०२० पासून दुसऱ्या साइटच्या कुकी सरसकट अडवल्या. त्यामुळे लॉगिनवर टिकलेले असे फोटो आयफोनवर मालकालाही दिसत नाहीत. इन्स्टाग्रामच्या आत लिंक उघडली तर त्याचा स्वतःचा वेगळा ब्राउझर असतो, तिथे तुमची क्रोममधली ओळख चालत नाही. आणि गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती मिटवली जाऊ शकतात. डिसेंबर २०२३ पासून ते सुरूही झालं. 'क्लाउड' हा शब्द ऐकून वाटतं फोटो वर आकाशात आहेत, सगळ्यांचे आणि कायमचे. प्रत्यक्षात ते कुणाच्या तरी नावावर, कुणाच्या तरी अटीवर, एका दारामागे असतात.

आमच्या गावाला दाराची गोष्ट नवी नाही. रुक्मिणीने कृष्णाला पत्र पाठवलं ते इथूनच. भागवतात ते एक ब्राह्मण द्वारकेला घेऊन जातो आणि त्याला द्वारपाल आत घेतात, असा स्पष्ट उल्लेख आहे. लहानपणी ऐकताना मला ते वाक्य भरतीचं वाटायचं. आता वाटतं, सगळी कथा त्यावर उभी आहे. पत्र कितीही आर्त असो, द्वारपालाने 'आपण कोण?' म्हणून परत पाठवलं असतं तर पुढचं काही घडलं नसतं.

परवानग्या देऊन भागणार नव्हतं. पासवर्ड कुणाला माहीत नव्हता. खात्याला जोडलेलं सिम रिचार्ज न केल्याने बंद पडलेलं, म्हणजे ओटीपी येणार नाही. सगळं टिकून होतं ते एका जुन्या फोनवर चुकून चालू राहिलेल्या लॉगिनवर. बॅटरी फुगायला लागली होती. मी म्हटलं फोन पुण्याला नेतो, एका दिवसात सगळं उतरवतो.

"थो फोन नको नेऊ. इथंच बस, जे करायचं ते कर. मी चहा मांडतो."

मग तिथेच बसलो. फोन चार्जरला, माझ्या फोनचं हॉटस्पॉट, दुपारी लाइट गेली की थांबायचं. फोटो थोडे थोडे उतरवून केबलने लॅपटॉपवर घेतले. ग्रुपवर फिरलेले फोटो गोळा का नाही केले, असं भावाने विचारलं. कारण व्हॉट्सॅपने नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबून लहान होतो आणि त्याच्या पोटातली तारीख, वेळ, ठिकाण गळून पडतं. मूळ फाइलमध्ये ते सगळं असतं. त्यामुळेच कळलं की रुतलेल्या चपलेचा फोटो पहाटे पाच वाजून दहा मिनिटांचा आहे. मोठी माय म्हणाली, "पाचाले निंगाचेच ते."

आता फोटो पेजच्याच शेजारी, त्याच सर्व्हरवर आहेत. लांबी-रुंदी कमी करून, जेपेगमध्ये, कुणाचंही लॉगिन न मागणारे. नावात वर्ष आणि मुक्काम. मूळ फाइली दोन हार्ड डिस्कवर, एक गावात आणि एक माझ्याकडे. पेजचा पासवर्ड भावाकडे आहे आणि एका वहीत लिहून मोठ्या मायच्या कपाटातही आहे. सुरक्षेचे जाणकार यावर नाक मुरडतील. मुरडू देत.

तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल, ज्यांच्या एका खात्यावर सगळ्यांचे फोटो आहेत. त्यांच्याकडे गेलात की तीन गोष्टी करा. लिंक इन्कॉग्निटोत उघडा, तीही दुसऱ्याच्या फोनवर, मोबाइल डेटावर. खात्याला कोणता नंबर जोडलाय आणि तो चालू आहे का, बघा. बऱ्याच कंपन्या 'मी नसेन तेव्हा खातं कुणाकडे जावं' हे आधीच नोंदवू देतात, ते त्यांच्या हयातीत, त्यांच्यासमोर बसून भरा. शेवटची गोष्ट विचारायला अवघड जाते. तरी विचारा.

दिवाळीत तो जुना फोन बंद पडला, पुन्हा सुरू झाला नाही. मोठ्या मायने तो पुसून कपाटात वहीशेजारी ठेवला आणि भावाला म्हणाली, आता माझ्या फोनवर लावून दे.