गळकी पेटी

दिवाळी चार दिवसांवर आली असताना आमच्या मुलुंडच्या घरातली माशांची पेटी गळू लागली. पहिला संशय अर्थातच माझ्या तांब्यावर! मग कागद लावून पाहिले, तर कोपऱ्यातला सांधा सुटलेला. पेटी वडिलांची. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय त्यांनी लहानपणी पाहिले, आणि ते वेड जन्मभर टिकले. आता त्यांचा एकच गोल्डफिश उरला होता, तो बादलीत गेला.

पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. म्हणजे ५६ लिटर पाणी, आणि खाली शेजाऱ्यांचे नवे रंगवलेले छत! मी सिलिकॉनची नळी आणली. पण जुन्या थरावर नवे सिलिकॉन नीट धरत नाही. दोनदा खरवडले, दोनदा गळले.

"अहो, मामंजींचा मासा जगवायचा की काच?" सौ. म्हणाली.

क्रॉफर्ड मार्केटातून नवी पेटी घेतली. दुपारच्या धीम्या लोकलमध्ये मांडीवर घेऊन बसलो. "मासे कुठं आहेत?" एका चिमुरड्याने विचारले.

जुन्या फिल्टरचा स्पंज न धुता नव्या पेटीत बसवला. पाणी निर्मळ राखणारे जिवाणू त्यातच असतात. शिळ्या पाण्यात माशाला सोडले. दोन दिवस तो रुसून कोपऱ्यात होता. तिसऱ्या दिवशी दाणे खायला वर आला.

जुनी पेटी गॅलरीत आहे. सौ.ने तीत पणत्या लावल्या. वाऱ्याने एकही विझली नाही.