पंखांची शिडे

विमानाने उडावे आणि होडीने तरंगावे, असे आपण धरून चाललेलो असतो. एकाच यंत्राला दोन्ही कामे सांगितली की काय होते, याची एक हकीकत गेले काही दिवस माझ्या मनातून जात नाही.

१९२५ साली अमेरिकेच्या नौदलाकडे ‘पीएन-९’ नावाचे एक जलविमान होते. समुद्रावर दूरवर गस्त घालता यावी म्हणून चाललेल्या प्रयोगांतले ते एक. धातूची होडी, तिच्यावर कापडाने मढवलेले दुहेरी पंख आणि दोन इंजिने. ते किती दूर जाते हे पाहायचे, तर सॅन फ्रान्सिस्कोहून थेट हवाई बेटांपर्यंत! मध्ये सुमारे २,४०० मैल नुसते पाणी. ३१ ऑगस्टला कमांडर जॉन रॉजर्स चार साथीदारांसह निघाले. बरोबरचे दुसरे विमान तीनेकशे मैलांतच पाण्यात उतरले. रॉजर्स पंचवीस तास उडत राहिले आणि पेट्रोल संपले. १,८४१ मैल झाले होते. जलविमानाने न थांबता इतके अंतर तोवर कापले नव्हते. पण पेट्रोलला विक्रमाशी काय देणेघेणे?

पाण्यावर ते सुखरूप उतरले. विमानातल्या बिनतारी यंत्राचे जनित्र मात्र वाऱ्याच्या झोताने फिरायचे. उडणे थांबले आणि संदेश पाठवणेही थांबले. ऐकू मात्र सगळे येत होते. शोध घेणाऱ्या जहाजांचे बोलणे पाचही जण ऐकत होते आणि आपल्याला भलतीकडेच शोधताहेत हे त्यांना कळत होते. ‘आम्ही इथे आहोत’ एवढे तीन शब्द कळवायची सोय नव्हती.

हे वाचताना मला माझी आजी आठवली. अर्धांगाच्या झटक्यात तिची वाचा गेली. कान शाबूत होते. भेटायला येणारी माणसे तिच्या उशाशी बसूनच ‘आता सुटली तर बरं’ म्हणत, आणि चहा घेऊन जात. आजी आढ्याकडे पाहत राही. तिने काय काय ऐकले असेल, कुणास ठाऊक.

रॉजर्स यांच्या घराण्यात शिडाच्या जहाजांवरचे कमोडोर होऊन गेले होते. त्यांनी खालच्या पंखांचे कापड सोडवून त्याची शिडे केली आणि दोन पंखांच्या मध्ये ताणली. विमान वाऱ्याने नुसतेच वाहवत जाऊ नये म्हणून तळाच्या धातूच्या फळ्या काढून बाजूंनी पाण्यात सोडल्या. पिण्याचे पाणी संपले. पावसाने थोडेफार दिले. ओआहू बेट जवळ होते, पण तिकडे वळणे जमेना, म्हणून पुढच्या काउआई बेटाचा रोख धरला. असे नऊ दिवस, सुमारे ४५० मैल! १० सप्टेंबरला काउआईजवळ ‘आर-४’ या पाणबुडीला ते दिसले. पाचही जण जिवंत होते.

शास्त्र शाखेचे मित्र म्हणतील, यंत्र नापास झाले. मला तसे वाटत नाही. ज्याने पंख फाडून शीड करण्याचे धैर्य दाखवले, त्याच्या हाती ते पासच झाले.

पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्ट १९२६ रोजी, फिलाडेल्फियाजवळ डेलावेअर नदीत विमान कोसळून रॉजर्स गेले. १९२७ मध्ये होनोलुलूला विमानतळ झाला, त्याला त्यांचे नाव दिले होते. १९४७ मध्ये ते बदलले.